डाव्या हाताची शिलाई

पट्ट्यावरून फिरणारा तिचा अंगठा एका जागी थांबला. टोचलं काहीच नाही, फाटकंही काही लागलं नाही. भिंतीवरून हात फिरवताना जुन्या खिळ्याच्या भोकात भरलेली लांबी हाताला लागावी, तेवढंच. रंग तोच, भिंत तीच, पण इथे काहीतरी झालं होतं आणि कुणीतरी ते बुजवलं होतं, एवढं बोटाला कळतं. तिनं तो पट्टा टेबलावरच्या दिव्याखाली ओढला, उलटा वाकवला, शिलाई उजेडात धरून बघितली. आणि मग दिवा बंद करून टाकला. का बंद केला ते तिला सांगता आलं नसतं. तळघरातल्या त्या स्टोअरमध्ये तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

बाहेर सकाळपासून वारा सुटला होता. गाड्यांच्या उतारावरून तो थेट खाली येत होता, येताना रस्त्यावरचे कागद आणि सिगरेटची रिकामी पाकिटं घेऊन येत होता आणि स्टोअरच्या जाळीच्या दाराशी त्यांचा ढीग लावत होता. उंच इमारतींच्या काचा धुणं, काचांच्या सांध्यांत रबर भरणं, गंजलेल्या पट्ट्या बदलणं, हे कंपनीचं काम. वारा असला की दोर सापासारखे वळवळतात, माणसं बसलेले पाळणे भिंतीवर आपटतात, म्हणून अशा दिवशी मुकादम सगळ्यांना घरी पाठवतो आणि सगळ्यांचे बेल्ट तिच्याकडे तपासायला येतात. खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांमधून जाणारे पट्टे, पाठीवर एक जाड कडी, त्या कडीला दोरी, दोरीच्या टोकाला हुक. माणूस आत नसला की तो बेल्ट म्हणजे खेकडा उलटा टाकल्यासारखा दिसतो. प्रत्येक पट्टा वीतवीत वाकवून बघायचा, कारण कापलेला धागा सरळ पट्ट्यात लपतो आणि वाकवला की केसासारखा उभा राहतो. बक्कल लावून झटका द्यायचा. कडीवरून नख फिरवायचं. कुठे ॲसिडचा डाग, कुठे वेल्डिंगच्या ठिणगीनं वितळलेला थेंब, कुठे उन्हानं पांढरट पडलेला रंग. हे सगळं तिला तिच्या आधीच्या स्टोअरकीपरनं शिकवलं होतं. त्याला सगळे काका म्हणत. काका म्हणायचा, "डोळ्यांवर जाऊ नकोस. डोळ्यांना घरी जायची घाई असते. अंगठ्यानं बघ." आणि पाठीच्या कडीखाली दोन्ही पट्ट्यांना जी घडी घालून शिवलेली असते, ती त्यानं तिला सगळ्यांत शेवटी दाखवली होती. माणूस पडला, दोरीला झटका बसला, की त्या घडीची शिलाई उसवते आणि पोटातली लाल फीत बाहेर येते. ती शिलाई उसवण्यासाठीच घातलेली असते. "ही चुगलखोर आहे," काका म्हणाला होता. "माणूस सांगो न सांगो, ही सांगते." अशी फीत दिसली की बेल्ट बाद, मग तो वरून कितीही धडधाकट दिसो. आणि त्या माणसाला डॉक्टरकडे नेऊन आणल्याशिवाय पुन्हा वर पाठवायचं नाही.

तिच्या हातातल्या बेल्टच्या घडीतून लाल फीत बाहेर आली नव्हती. डाव्या बाजूची घडी नीट मिटलेली होती. ती पुन्हा मिटवलेली होती, हातानं, जाड नारिंगी दोऱ्यानं, उलट्या टिपेनं, एकेक टाका मागे घेत घेत. आणि टाके सगळे उलट्या बाजूला कलले होते, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखे. डावखुऱ्या माणसाचे टाके असे पडतात. अख्ख्या कंपनीत डावखुरे दोघेतिघे असतील. पण उलटी टीप घालणारा, टीप संपवताना दोरा दोनदा आतून फिरवून गाठ पोटात लपवणारा एकच होता. त्याला ते तिनंच शिकवलं होतं.

लग्नानंतर पहिली काही वर्षं ती बॅगांच्या कारखान्यात शिवणकाम करत होती. प्रवासी बॅगांचे पट्टे, शाळेच्या दप्तरांचे बंद. एकदा त्याचा घोटा मुरगळला आणि तो घरी बसला. घरी बसलेला तो म्हणजे पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारं जनावर, म्हणून तिनं त्याच्या हातात सुई दिली. कारखान्यातून घरी आणलेल्या पट्ट्यांची टोकं बंद करायची होती. त्याच्या डाव्या हाताला तिचा उजवा हात काही केल्या शिकवू शकेना. शेवटी ती त्याच्यासमोर बसली, आरशात बघावं तसं त्यानं तिच्याकडे बघून शिकायचं ठरलं, आणि दोघं हसून हसून बेजार झाली. तेव्हापासून घरातले पडदे, उशांचे अभ्रे, मुलीच्या शाळेच्या गणवेशाची बटणं, सगळं तोच शिवायचा. कामावर त्याला पाल म्हणत, कारण काचेला हात लावला की तो तिथंच चिकटतो अशी त्याची ख्याती. पाल शिवणकाम करते हे कामावर कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याची चेष्टा होईल म्हणून नव्हे. ते त्यांच्या दोघांपुरतं आहे असं तिला वाटायचं, म्हणून.

तिनं त्याच्या बेल्टची दोरी बघितली. दोरी नवीकोरी. तिला आठवलं, ती तिनंच दिली होती. ग्राइंडरची ठिणगी पडून जुनी जळली असं तो म्हणाला होता, आणि नियमाप्रमाणे तुकडे करून टाकलीही, असंही. तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं तुकडे आणून दाखवायला लावले असते. पडल्यावर दोरीमधली पुडी फाटते, आतला गुंडाळलेला पट्टा सरसर उलगडतो, त्यानं झटका कमी होतो. म्हणजे पुडी फाटली होती. म्हणजे तो पडला होता, धरला गेला होता, हवेत लोंबकळला होता. आणि घरी आला होता.

"वहिनी, झाले का?" जाळीच्या दारातून मुकादम डोकावला. तो तिच्याहून वयानं बराच मोठा, पण त्याच्यासकट सगळी कंपनी तिला वहिनीच म्हणायची. "उद्या वारा पडतोय म्हणतात. पालीला मी त्या नव्या टॉवरच्या माथ्यावर पाठवतोय. तिथं दुसऱ्या कुणाची छाती होत नाही."

"व्हायचेत अजून थोडे," ती म्हणाली. तिचा हात बेल्टवर सपाट पडला होता, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"पालीचा आधी करा. त्याचं काय, तो एरवीही चिकटूनच असतो." मुकादम आपल्याच विनोदावर हसत निघून गेला. तिनं तो बेल्ट पास झालेल्यांच्या खुंटीवर अडकवला नाही, बाद झालेल्यांच्या पेटीतही टाकला नाही. एप्रनमध्ये गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. तिच्या नोकरीत असं तिनं पहिल्यांदाच केलं.

उरलेले बेल्ट तिनं तपासले, पण अंगठा एकीकडे आणि डोकं भलतीकडे. कुठली संध्याकाळ असेल ती? ती एकेक संध्याकाळ उचलून वाकवून बघत होती. आणि मग तिला ती सापडली. तो आला होता, नेहमीपेक्षा थोडा लवकर. चालताना पाय जरा फाकवून टाकत होता. "काय झालं?" तर म्हणाला, पाळण्यावर बसून बसून पाय अवघडलेत. नंतर काही दिवस तो कपडे बाथरूममध्येच बदलत होता. उकडतंय म्हणून बाहेरच्या खोलीत झोपत होता. तिला वाटलं, मुलगी दूरच्या शहरात नोकरीला गेली, घर रिकामं झालं, तर माणूस रुसलाय थोडा. रुसला आहे तर रुसू दे. खरं सांगायचं तर पूर्ण पलंग मिळाला म्हणून तिला बरंही वाटलं होतं. आता कळत होतं की त्याच्या मांड्यांवर पट्ट्यांचे वळ असतील, काळेनिळे, आणि ते वळ घेऊन तो भिंतीपलीकडे एकटा झोपला होता. पण तिला खरं खटकत होतं ते हे नव्हे. त्या संध्याकाळी तो फार आनंदात होता. पोटभर जेवला होता. भांडी घासली होती, शीळ घालत. मुलीला आपणहून फोन लावला होता, जो कधी लावत नाही, आणि तिच्या मांजराची चौकशी केली होती, ज्या मांजराला तो एरवी शिव्या घालायचा. मुलगी नंतर तिला म्हणाली होती, "आई, बाबांना झालंय काय? फारच लाडात आलेत." दोघी हसल्या होत्या. मरता मरता वाचलेला माणूस घाबरतो, गप्प होतो, बायकोच्या कुशीत शिरतो. शीळ का घालतो?

सुटल्यावर ती चालतच निघाली. वाऱ्यानं रस्त्यावरचे लोक तिरके झाले होते, छत्र्या उलट्या होत होत्या, एका दुकानाची पाटी एका खिळ्यावर हेलकावे खात होती आणि ती पाटी पडेल की राहील याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करत होतं. या नोकरीनं तिला ही खोड लावली होती. बाल्कनीतल्या कुंड्या, विजेच्या तारा, बाबागाडी ढकलणाऱ्या बाईच्या खांद्यावरची पर्स, सगळ्याचं वजन कशावर तोललंय ते ती बघायची. आणि रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाचं वजन कशावर तोललंय ते तिनं बघितलं नव्हतं. मनाशी ती कारणं जुळवत होती. पाय घसरला असेल. रबराचा डबा निसटला आणि तो पकडायला वाकला असेल. आपल्याला काळजी नको म्हणून बोलला नसेल. नोकरी जाईल म्हणून बोलला नसेल. कुठलंही कारण वाईट नव्हतं, आणि एकही त्या शिळेशी जुळत नव्हतं. वर बघितलं तर काचेच्या इमारती ढगांच्या विरुद्ध दिशेनं पडत असल्यासारख्या दिसत होत्या. तिनं मान खाली घातली आणि पिशवी पोटाशी धरली.

तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. दिवसभर घरी बसून कंटाळलेला, तिला बघून खुलला. तिनं पिशवी दाराआड ठेवली, हात धुतले आणि कपाटातून शिवणाचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"माझा जाड दोरा कुठे गेला? नारिंगी."

"बघ, असेल त्यातच. तुझ्या डब्यात हत्ती हरवेल."

"आज सगळ्यांचे बेल्ट तपासले."

सुरी थांबली नाही, पण बटाट्याची लांब निघालेली साल तुटून खाली पडली. "पास ना सगळे?"

"तुमचा घरी आणलाय."

त्यानं बटाटा पाण्यात टाकला, दुसरा उचलला, तोही न सोलता पाण्यात टाकला. "जुना झालाय गं तो. शिलाई उसवत होती म्हणून घातले दोन टाके."

"ती शिलाई जुनी होऊन उसवत नाही. हे तुम्ही मला सांगता?"

त्यानं सुरी खाली ठेवली.

"कधी पडलात?"

"पडलो नाही मी."

"अहो, दोरी बदलून नेलीत माझ्याकडून. माझ्या हातून. वर माझ्याच दोऱ्यानं शिवलंत. मला निदान—" तिला पुढचा शब्द सापडेना. "पडलात तर पडलात. सगळेच पडतात कधीतरी. बेल्ट त्यासाठीच असतो. पण सांगायचं नाही?"

"पडलो नाही," तो पुन्हा म्हणाला, अगदी शांतपणे, जणू एखाद्या शब्दाचा अर्थ समजावून सांगतोय. "पाय उचलले."

बाहेर कुठेतरी एक खिडकी आपटली. तिला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग तो सांगत गेला, बटाट्यांच्या पाण्याकडे बघत, मधूनमधून स्वतःशीच हसत. माथ्याच्या कडेवर तो उभा होता, बाहेरच्या अंगाला, पाठ रस्त्याकडे. जोडीदार पलीकडच्या बाजूला दोर सोडवत होता. काम झालं होतं. ऊन छान होतं. तो मागे रेलला, नेहमी रेलतात तसा. मग अजून थोडा रेलला. समोरच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि त्याच्यामागे सगळं आभाळ. "इतकी वर्षं मी धरूनच उभा आहे असं वाटलं. हातानं धर, पायानं धर. घरातून निघताना तू दारात म्हणतेस, जपून. मुकादम म्हणतो, जपून. पोरगी फोनवर, बाबा, जपून. म्हटलं, एकदा तरी न जपता. आणि पाय उचलले. मी उचलले, कुणी ढकललं नाही. मग खालची खिडकी आली समोर. आत एक बाई डबा खात बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिला हात केला. तिला वाटलं असेल, काच पुसायला आला. तिनंही हात केला." तो हसला. "मग पाय जे थरथरायला लागले, ते थांबेचनात. कसाबसा वर आलो. कुणाला कळलं नाही."

ती ओट्याला टेकून उभी होती. "हुक लावलेला होता."

"होता ना. नाहीतर इथं बटाटे कुणी सोलले असते?"

"तुम्हाला ते माहीत होतं ना? पाय उचलताना. हुक लावलाय हे माहीत होतं ना?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं, आणि त्याच्याखालून तिला अजिबात ओळखीचा नसलेला एक दमलेला माणूस दिसला. "त्या वेळी हुकाचा विचार नव्हता केला मी," तो म्हणाला.

"आणि त्यानंतरही रोज त्याच बेल्टवर वर गेलात. एकदा ताण खाल्लेला बेल्ट दुसऱ्यांदा धरेल याची खात्री नाही, हे—"

"नव्या पोरांना मीच शिकवतो ते."

ती खाली बसली. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता बसली, नशिबानं होती. रोज सकाळी दार लावून घेताना ती 'जपून' म्हणायची आणि वळून चहाचे कप उचलायची. जिन्यावर त्याची पावलं वाजायची. ती पावलं वाजत असताना त्याच्या पिशवीत तो बेल्ट असायचा, आणि त्याला माहीत असायचं. "आताही तसं वाटतं?" तिनं विचारलं.

"मधूनमधून. कडेला उभं राहिलं की पाय हलके होतात." मग एकदम तो पुढे झुकला, तिच्या गुडघ्यावर त्यानं ओला हात ठेवला. "पास कर तो. किंवा नवीन दे. पण बोलू नकोस. मला खाली बसवतील. खाली मी काय करणार? खाली मला काही येत नाही."

त्यांनी बटाट्याचं काहीतरी केलं, जेवले, ताटं उचलली. झोपताना तो बाहेरच्या खोलीत निघाला तेव्हा तिनं त्याची उशी आणून आपल्या उशीशेजारी टाकली, आणि तो मुकाट्यानं आत आला. त्याचा श्वास ऐकत ती पडून राहिली. नवीन बेल्ट दिला तर काय बिघडेल, असं एक मन म्हणत होतं. कोराकरकरीत, पाच माणसांना धरेल असा. दुसरं मन म्हणत होतं, हुक तर त्यानं स्वतःच्याच हातानं लावायचा असतो. कधीतरी लावायचा राहिला तर? राहिला की राहू दिला, हे तरी कोण सांगणार? कुठली घडी उसवून लाल फीत बाहेर येईल? त्याला हात लावावा असं तिला वाटलं, आणि तिला आपल्याच हाताची भीती वाटली, की अंगठा त्याच्या पाठीवरून काहीतरी शोधत फिरेल.

सकाळी वारा पडला होता. स्टोअरच्या जाळीपुढे माणसं बेल्ट घ्यायला रांगेत उभी होती, जांभया देत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. तोही रांगेत होता, तिच्याकडे न बघता. ती बाहेर आली आणि तिनं त्याचा बेल्ट मुकादमाच्या हातात दिला. घडीवरचे टाके तिनं कापले होते. लाल फीत मोकळी लोंबत होती.

मुकादमानं फीत बघितली, पट्ट्यावरचा नंबर बघितला आणि तिला बाजूला घेतलं. "वहिनी, हे कुणाला दाखवलंत?"

"कुणाला नाही."

"मग राहू दे. नवीन काढा एक. आज माथ्यावर दुसरं कोण जाणार? माणूस ठणठणीत आहे, समोर उभा आहे. उगीच बोभाटा कशाला, तोही तुमच्याच घरचा?"

हे तिनं रात्रभर स्वतःलाच सांगून बघितलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती सोपं वाटत होतं. "बेल्ट बदलून भागायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना वर पाठवू नका."

"अहो, पण का?"

रांगेतली बडबड थांबली होती. तो आता तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो नुसता वाट बघत होता, ती काय सांगते त्याची, जणू त्यालाही ते कळून घ्यायचं होतं. तिच्या जिभेवर खरं होतं. त्या सगळ्या माणसांसमोर, त्याला पाल म्हणून मिरवणाऱ्या माणसांसमोर, ते तिला बाहेर काढवेना.

"चक्कर आली होती त्यांना," ती म्हणाली. "वर. कडेवर."

कुणीतरी चुकचुकलं. मुकादमानं त्याच्याकडे बघितलं. "काय रे? खरं का?"

"हो," तो म्हणाला. "चक्कर आली."

पाठीवर दोनतीन हात पडले, वय होतं बाबा, असंही कुणी म्हणालं, आणि रांग पुढे सरकली. तिनं एकेकाला बेल्ट दिले. त्याचा जुना बेल्ट नियमानुसार कापायचा होता. तिनं तो मोठ्या कात्रीनं कापला, आणि कापताना तिला बरं वाटलं नाही, वाईटही नाही. खोटं बोलून आपण त्याला वाचवलं की आणखी एकटं पाडलं, हे तिला समजत नव्हतं. वर जाणं आता बंद झालं होतं एवढं खरं. पण जे त्याला मागे ओढत होतं ते माथ्यावरच राहत होतं थोडंच.

डॉक्टरांची खोली औषधाच्या दुकानाच्या वर होती. मुकादमानं त्याच दिवशी पाठवलं. बसमध्ये ती त्याला सांगत होती, "अंधारी आली म्हणा. कानात आवाज येत होता म्हणा. म्हणजे ते निदान काही महिने तरी वर जायला मनाई लिहून देतील." तो खिडकीबाहेर बघत होता. "म्हणतो," तो म्हणाला. तिला स्वतःचाच राग येत होता, आपण मुलाला परीक्षेला नेतोय अशा बोलतोय म्हणून. पण गप्प बसलं की डोळ्यांपुढे ती काच यायची, आणि तिच्यात दिसणारं त्याचं तोंड.

डॉक्टर बाई होत्या, पिकलेल्या केसांवर चष्मा चढवलेल्या, घाई नसलेल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, कानात बघितलं, डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. तो दगडासारखा उभा राहिला. जन्मभर कडेवर उभा राहिलेला माणूस तो, त्याचा तोल कुठला जातोय. त्यांनी पुन्हा एकदा करायला लावलं. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्या समोर बसल्या.

"चक्कर येण्याआधी काय जाणवलं? अंधारी? कानात आवाज?"

त्याचे हात मांडीवर होते. तिनं मनातल्या मनात त्याच्याऐवजी उत्तर दिलं: हो, अंधारी, कानात आवाज. तिचे ओठही थोडे हलले असतील.

"चक्कर नव्हती आली," तो म्हणाला. "मी पाय उचलले. मुद्दाम."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या दचकल्या नाहीत, तिच्याकडे बघून मान हलवली नाही, असं का केलंत हेही विचारलं नाही. खालच्या दुकानातून कुणीतरी औषधाचं नाव मोठ्यानं वाचत होतं.

"असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

याचं उत्तर तिला ठाऊक होतं. मुलगी गेल्यापासून. घर रिकामं झाल्यापासून. कुणीही सांगितलं असतं.

"मुलगी झाली," तो म्हणाला, आणि थांबला, आणि ती पुढचा शब्द ऐकायच्या आधीच समजून गेली की आपण चुकलो, "त्याच्याही आधीपासून. कमीजास्त असतं. मधे मधे जातं. मला वाटायचं, सगळ्यांनाच होत असेल. बोलत नसतील."

तिच्या डोक्यातली सगळी वर्षं एकदम जागा सोडून हलली. पहिल्या घरातली ती अरुंद बाल्कनी, मुलीला खांद्यावर घेऊन नाचणारा तो, समुद्राकाठी काढलेला फोटो, हसण्याखिदळण्याची ती सगळी वर्षं, ज्यांच्यावरून तिनं कधी अंगठा फिरवला नव्हता कारण ती तिला धडधाकट दिसत होती. आत्ताच्या आत्ता सगळं विचारावं असं तिला वाटलं. तेव्हाही? आणि तेव्हाही? पण तिनं विचारलं नाही.

डॉक्टर उठल्या, दार उघडून बाहेरच्या माणसाला म्हणाल्या, थोडा वेळ कुणाला पाठवू नका. मग तिच्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्याशी जरा एकट्यानं बोलू का? तुम्ही बाहेर बसाल?"

ती उठलीच होती. पर्स खांद्यावर अडकवली होती.

"नको," तो म्हणाला. "बसू दे तिला. तिलाही हे काही माहीत नाही."

तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली आणि बसली.